चोरीची पत्रं, चुकीचं साल

१७ नोव्हेंबर २००९ रोजी एका संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलं. हवामानबदलाचं विज्ञान सर्वसामान्य वाचकाला समजावून सांगण्यासाठी काही शास्त्रज्ञ मिळून हे संकेतस्थळ चालवत. त्यांच्यापैकी एक, नासाच्या न्यूयॉर्कमधल्या गोडार्ड संस्थेतले गॅव्हिन श्मिट, यांच्या लक्षात आलं, की आपल्याच पानावर आपल्याला न विचारता काहीतरी झळकण्याच्या बेतात आहे. कागदपत्रांचं एक भलंमोठं गाठोडं आणि सोबत तयार करून ठेवलेला मजकूर. श्मिट यांनी ते तिथल्या तिथे थांबवलं. त्याचा उपयोग झाला नाही. दोन दिवसांत तेच गाठोडं रशियातल्या एका सर्व्हरवर उघडं झालं आणि हवामानशास्त्रावर अविश्वास असलेल्या मंडळींच्या हाती पडलं.

आत हजाराहून अधिक ई-मेल होते. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरिच शहरात ईस्ट अँग्लिया विद्यापीठ आहे. ह्युबर्ट लँब यांनी १९७२ मध्ये तिथे हवामान संशोधन केंद्र सुरू केलं. जगभरातल्या नोंदी गोळा करून १८५० पासूनचं पृथ्वीचं सरासरी तापमान काढणाऱ्या मोजक्या संस्थांमध्ये या केंद्राची गणना होते. तिथल्या शास्त्रज्ञांचा तेरा वर्षांचा खासगी पत्रव्यवहार चोरीला गेला होता. चोराने वेळही नेमकी साधली होती. ७ डिसेंबरपासून कोपनहेगनमध्ये जगातल्या जवळपास सगळ्या देशांची हवामान परिषद भरणार होती आणि उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो करारानंतर पुढे काय, याचा निर्णय तिथे व्हायचा होता.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत दोन गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या. नॉरिचच्या पत्रांवरून शास्त्रज्ञांवर लबाडीचा आरोप झाला, जो पुढे खोटा ठरला. त्याच सुमारास हिमालयातल्या हिमनद्यांबद्दलची एक चूक उघड झाली, आणि ती मात्र खरोखरच चूक होती. हवामानबदलाबद्दलचा अपप्रचार कसा फोफावतो आणि त्याला उत्तर कसं द्यावं, कसं देऊ नये, हे समजून घ्यायचं तर हा एक हिवाळा नीट पाहावा लागतो.

सगळ्यांत गाजला तो १६ नोव्हेंबर १९९९ चा ई-मेल. केंद्राचे संचालक फिल जोन्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलं होतं, की अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल मान यांनी 'नेचर'मधल्या लेखात वापरलेली 'ट्रिक' आपणही वापरली आणि 'घट लपवली'. एवढंच वाक्य वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र फिरत राहिलं. ऐकणाऱ्याचा समज सरळ झाला: तापमान कमी होत होतं आणि या लोकांनी ते दडवलं.

ते वाक्य लिहिलं गेलं १९९९ च्या नोव्हेंबरात. आदलं वर्ष, १९९८, हे तोपर्यंतच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष होतं. तापमानात घट नव्हतीच, मग लपवणार काय? घट होती ती झाडांच्या खोडांत. थर्मामीटर नव्हते त्या शतकांचं तापमान काढण्यासाठी शास्त्रज्ञ झाडांच्या वर्षवलयांचा आधार घेतात. थंड उत्तरेकडच्या झाडांत उन्हाळा उबदार असेल तर वलयाच्या शेवटच्या भागातलं लाकूड दाट होतं. हा नियम थर्मामीटरशी ताडून पाहिला तर कित्येक दशकं जुळतो. पण १९६० च्या सुमारास काही ठिकाणच्या झाडांनी ही साथ सोडली. थर्मामीटर चढत राहिले, वलयांची घनता मात्र उतरू लागली. जोन्स यांचे सहकारी कीथ ब्रिफा यांनी हा पेच १९९८ मध्ये 'नेचर'मध्येच जाहीरपणे मांडला होता. जागतिक हवामान संघटनेच्या एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी आलेख काढताना जोन्स यांनी ब्रिफांच्या मालिकेतला १९६० नंतरचा, भरवशाचा नसलेला तुकडा गाळला आणि पुढे थर्मामीटरच्या प्रत्यक्ष नोंदी जोडल्या. आपल्याकडे गणिताचे शिक्षक 'ही ट्रिक लक्षात ठेवा' म्हणतात, तोच त्या शब्दाचा अर्थ होता.

एक दोष मात्र होता. आलेखावर या जोडकामाची टीप दिलेली नव्हती. पुढे चौकशी समितीने त्यावर बोट ठेवलं, आणि ते योग्यच होतं.

इथेच अपप्रचाराचं बळ दिसतं. आरोप करायला एक वाक्य पुरलं. उत्तरासाठी वर्षवलयं, लाकडाची घनता, १९६० नंतरची तफावत आणि एका पुस्तिकेचं मुखपृष्ठ एवढं सगळं सांगावं लागलं. तेवढा वेळ वाहिनीवर कुणी देत नाही आणि ज्याला देतात तो शास्त्रज्ञ 'पण', 'तथापि', 'काही मर्यादेत' असे शब्द वापरल्याशिवाय राहू शकत नाही, कारण त्याचं शिक्षणच तसं झालेलं असतं.

काही दिवसांतच या प्रकरणाला 'क्लायमेटगेट' हे नाव मिळालं. अमेरिकेतल्या वॉटरगेट घोटाळ्याची आठवण करून देणारं ते नाव घेतलं की गुन्हा सिद्ध झाल्यासारखाच वाटे. कोपनहेगनमध्ये सौदी अरेबियाचे मुख्य वाटाघाटीकार मोहम्मद अल-सब्बान यांनी या पत्रांमुळे विज्ञानावरचा विश्वास डळमळल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून राष्ट्राध्यक्ष ओबामांनी परिषदेकडे पाठ फिरवावी, असं सुचवलं. नॉरिचमध्ये जोन्स संचालकपदावरून तात्पुरते बाजूला झाले. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या. आयुष्य संपवण्याचा विचार मनात आल्याचं त्यांनी नंतर वृत्तपत्राला सांगितलं. आयुष्यभर जगभरातल्या तापमानाच्या नोंदी जुळवत बसलेल्या एका अबोल प्राध्यापकावर ही वेळ आली होती.

एका ई-मेलने एवढा भडका उडाला, कारण त्याखाली वीस वर्षं सरपण रचलं जात होतं.

१९८८ च्या जून महिन्यात नासाचे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, की पृथ्वी तापू लागली आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं आंतरसरकारी मंडळ, स्थापन झालं. लगोलग १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' नावाची आघाडी उभी केली. १९९१ मध्ये कोळसा आणि वीज कंपन्यांच्या पैशाने एक जाहिरात मोहीम निघाली. तिचा लेखी आराखडा पुढे बाहेर आला. उद्देश असा होता, की जागतिक तापमानवाढ हे वास्तव नसून निव्वळ एक सिद्धान्त आहे, हे लोकांच्या मनात रुजवायचं. कुणाच्या मनात, तेही ठरलेलं होतं: कमी शिकलेले वयस्क पुरुष आणि कमी उत्पन्नाच्या तरुण स्त्रिया. फार्गो, फ्लॅगस्टाफ, बोलिंग ग्रीन अशा लहान शहरांत चाचणी घेतली गेली. एका जाहिरातीचा प्रश्न होता, पृथ्वी तापत असेल तर मिनिआपोलिस थंड का होतंय? कडाक्याच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला हा प्रश्न पटणारच.

हे करणाऱ्यांना विज्ञान ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. एक्सॉन या तेल कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच कंपनीच्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडच्या परिणामांची माहिती दिली होती. उद्योगांच्या आघाडीसाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या अंतर्गत टिपणात हरितगृह परिणामाचं विज्ञान नाकारता येण्याजोगं नाही आणि विरोधी सिद्धान्तांत दम नाही, असं स्पष्ट म्हटलेलं होतं. बाहेर मात्र तेच विरोधी सिद्धान्त वाटले जात होते. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमध्ये एक योजना लिहिली गेली. विजय कधी झाला म्हणायचा, याची व्याख्या तिच्यात होती: सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता 'समजेल' तेव्हा.

ही व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. लोकांनी एखादी खोटी गोष्ट खरी मानावी, अशी अपेक्षा तिच्यात नाही. 'अजून नक्की काही ठरलेलं नाही' एवढं त्यांना वाटलं तरी पुरे, कारण जे ठरलेलं नाही त्यासाठी कुणी कर भरत नाही आणि कारखानेही बदलत नाही. तंबाखू कंपन्यांनी हा मार्ग आधीच घालून दिला होता. शंका हाच आपला माल आहे, असं एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या टिपणात लिहिलेलं सापडलं. माणसंही काही वेळा तीच होती. तंबाखू कंपनी आर. जे. रेनॉल्ड्सचे सल्लागार राहिलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक साइट्झ यांनी १९९६ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधून आयपीसीसीचे लेखक बेन सँटर यांच्यावर अहवालात फेरफार केल्याचा आरोप केला. सँटर यांनी परीक्षकांच्या सूचनांनुसार मजकूर दुरुस्त केला होता, जे करणं त्यांचं कामच होतं. तरी पुढची कित्येक वर्षं त्यांना त्या आरोपाची उत्तरं देत बसावं लागलं.

वर्तमानपत्रांनीही नकळत हातभार लावला. दोन्ही बाजू मांडायच्या, हा पत्रकारितेचा चांगला नियम. पण एका बाजूला हजारो शोधनिबंध आणि दुसरीकडे उद्योगांच्या पैशावर चालणारी एखादी संस्था असेल, तर दोघांना सारखी जागा देणं म्हणजेच वाचकाची दिशाभूल. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या भावांनी १९८८ ते २००२ या काळातले चार बड्या अमेरिकी दैनिकांतले लेख तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लेखांत असा खोटा समतोल आढळला.

लोक अडाणी आहेत म्हणून अपप्रचाराला बळी पडतात, हा सुशिक्षितांचा आवडता समज. तो खरा नाही. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकी लोकांच्या पाहणीतून दाखवलं, की विज्ञानाची जाण आणि आकडेमोडीची क्षमता वाढली तशी दोन राजकीय गटांतली दरी कमी न होता उलट रुंदावली. हुशार माणूस आपल्या गटाचं मत राखण्यासाठी हुशारी वापरतो. हवामानाबद्दल वेगळं मत मांडलं म्हणून त्याला लगेच कसलाही तोटा होत नाही, पण आपल्या माणसांत वेगळं पडण्याची किंमत रोज मोजावी लागते. शिवाय एकदा मनात शिरलेली गोष्ट 'ती खोटी होती' एवढं सांगून निघत नाही. मिशिगन विद्यापीठात १९९४ मध्ये एक प्रयोग झाला. लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकिगत वाचायला दिली. आधी सांगितलं, कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर होते. मग सांगितलं, ती माहिती चुकीची होती, कपाट रिकामं होतं. ती दुरुस्ती लोकांच्या लक्षात राहिली, तरी धूर एवढा का झाला असं विचारल्यावर ते रंगाच्या डब्यांकडेच बोट दाखवत. आग कुणीतरी मुद्दाम लावल्याचा पुरावा मिळाला, असं दुसरं कारण पुरवलं, तेव्हा डब्यांचा प्रभाव ओसरला. माणसाला हकिगतीत भोक चालत नाही. खोटं काढून घ्यायचं तर त्या जागी खरं काय घडलं ते ठेवावं लागतं.

नेमकं हेच हिमालयाच्या बाबतीत वेळेवर झालं नाही.

आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या दहाव्या प्रकरणात, एक परिच्छेद होता. सध्याचा वेग कायम राहिला तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असं त्यात म्हटलं होतं. गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने याहून भयंकर वाक्य नसेल. पण हिमनद्यांचा ज्याला थोडाफार अभ्यास आहे त्याला ते वाचताक्षणी खटकावं असंच होतं. मोठ्या हिमनद्यांचा बर्फ शेकडो मीटर जाड असतो आणि हिमालयात तो वर्षाकाठी सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास उतरतो आहे. पंचवीस-तीस वर्षांत तो संपणार कसा? त्याच परिच्छेदात पुढे हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असंही लिहिलं होतं. हिमालयातल्या हिमनद्यांचं सगळं क्षेत्र मिळूनही पाच लाखांच्या दहाव्या हिश्शाइतकं भरत नाही.

हे आलं कुठून? कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉग्ली यांनी मागोवा घेतला. आयपीसीसीने आधार दिला होता जागतिक निसर्ग निधीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाने आधार घेतला होता 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातल्या १९९९ च्या बातमीचा. आणि बातमीचा आधार होता दिल्लीतले हिमनदी-तज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेलं बोलणं. कुठल्याही टप्प्यावर परीक्षण झालेला शोधनिबंध नव्हता. दुसरीकडे, रशियन शास्त्रज्ञ व्ही. एम. कोत्ल्याकोव्ह यांनी १९९६ मध्ये युनेस्कोसाठी लिहिलेल्या एका लेखात ध्रुवीय प्रदेश वगळता साऱ्या जगातल्या हिमनद्यांबद्दल एक अंदाज होता: पाच लाखांवरून एक लाख चौरस किलोमीटर. साल होतं २३५०.

अहवालाचा मसुदा फिरत होता तेव्हा जपान सरकारने या विधानाची खात्री किती, असं लेखी विचारलं होतं. ऑस्ट्रियाचे हिमनदी-तज्ज्ञ गेऑर्ग कासर यांनी २००६ मध्येच चूक लक्षात आणून दिल्याचं सांगितलं. पण मजकूर तसाच छापला गेला. पहिल्या खंडात बर्फ आणि हिमनद्यांवर त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेलं स्वतंत्र प्रकरण होतं आणि त्यात असा दावा कुठेही नव्हता. एका खंडाच्या लेखकांनी दुसऱ्या खंडाच्या लेखकांना विचारलं असतं तर हे टळलं असतं.

९ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे नॉरिचची पत्रं फुटण्याच्या आठच दिवस आधी, दिल्लीत पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हिमालयातल्या हिमनद्यांवरची एक चर्चापत्रिका प्रसिद्ध केली. तिचे लेखक व्ही. के. रैना हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक. हिमनद्यांवर आयुष्य घालवलेला माणूस. हिमनद्यांची माघार जागतिक तापमानवाढीमुळेच आहे असं म्हणणं घाईचं ठरेल, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या या मताला पुढच्या मोजण्यांनी साथ दिली नाही. पण सगळा हिमालय काही वर्षांत उघडा पडणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्यावर जादूटोण्याचं विज्ञान अशा शब्दांत शेरा मारला. या साऱ्या हकिगतीतली ही सर्वांत महागात पडलेली प्रतिक्रिया. एका जाणत्या भूवैज्ञानिकाने शंका घेतल्यावर मूळ संदर्भ उघडून पाहण्याऐवजी अध्यक्षांनी त्याची हेटाळणी केली. डिसेंबरच्या सुरुवातीला पत्रकार पल्लव बागला यांनी बीबीसीवर चूक सविस्तर मांडली, तरी आयपीसीसी गप्प राहिली. अखेर २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने खेद व्यक्त केला आणि पुराव्याचे निकष पाळले गेले नसल्याचं कबूल केलं. तोवर दहा आठवडे उलटले होते.

त्या दहा आठवड्यांत '२०३५ हे साल चुकलं' याचं 'हिमनद्या वितळतच नाहीत' झालं, आणि नॉरिचच्या पत्रांना हिमालयाचा टेकू मिळाला. जवळपास तीन हजार पानांच्या अहवालातला एक परिच्छेद चुकला होता, पण ऐकणाऱ्याला अहवालच खोटा वाटू लागला. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पाहणीत नोव्हेंबर २००८ मध्ये ७१ टक्के लोक तापमानवाढ होते आहे असं मानत होते. जानेवारी २०१० मध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांवर आलं. आर्थिक मंदी, बेकारी, त्या साली पडलेली थंडी या गोष्टीही त्यामागे होत्या. पत्रांचा वाटाही होताच.

चौकश्या बऱ्याच झाल्या. ब्रिटिश संसदेची समिती, लॉर्ड ऑक्सबर्ग यांची समिती, सर म्यूर रसेल यांची समिती आणि अमेरिकेत मान तेव्हा जिथे शिकवत त्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठासह इतरही संस्था. डेटात बनवाबनवी केल्याचा आरोप कुणालाही सिद्ध करता आला नाही. जुलै २०१० मध्ये रसेल समितीने शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसल्याचं सांगितलं, पण माहिती देण्याच्या बाबतीत मनाचा मोकळेपणा नव्हता, असा ठपकाही ठेवला. तो रास्त होता. जुलै २००९ मध्ये आठवड्याभरात या छोट्या केंद्रावर माहिती अधिकाराचे पन्नासहून अधिक अर्ज येऊन आदळले होते. त्रास देण्याच्या हेतूनेच ते आलेले होते, असं मानायला जागा आहे. पण जोन्स यांनी त्याआधीच, २००८ मध्ये, सहकाऱ्यांना काही ई-मेल पुसून टाकायला सुचवलं होतं आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. दार लावून बसलेल्या माणसाकडे काहीतरी लपलंय, असंच बाहेरच्याला वाटतं.

रसेल समितीने केलेली एक गोष्ट तर सगळ्या खुलाशांपेक्षा मोलाची होती. नॉरिचचा डेटा कुणाला तपासताच येत नाही, असा आरोप होता. समितीने उघडपणे मिळणाऱ्या नोंदी उतरवून घेतल्या, स्वतः संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला आणि तापमानाचा आलेख काढून पाहिला. दोन दिवसही लागले नाहीत. उत्तर नॉरिचसारखंच आलं. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या आलेखांबद्दल शंका होत्या. त्यांनी नव्याने सगळी मोजणी केली, तीही काही प्रमाणात तेल उद्योगातल्या चार्ल्स कोच यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून. २०११ मध्ये त्यांचं उत्तर आलं तेही तेच. पुढच्या वर्षी आपलं मत बदलल्याचं त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहीर लिहिलं.

नॉरिच नसतं तरी फरक पडला नसता, हे पुण्यातूनही दिसतं. शिवाजीनगरातल्या ज्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते भारतीय हवामान खात्याचं कार्यालय. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं होतं आणि १९४४ मध्ये ते दिल्लीला गेल्यानंतरही देशभरातल्या वेधशाळांच्या नोंदी पुण्यात जपल्या जातात. २०२० मध्ये पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीविज्ञान मंत्रालयासाठी अहवाल तयार केला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचं त्यात नोंदलेलं आहे.

आयपीसीसीनेही धडा घेतला. ऑगस्ट २०१० मध्ये जगातल्या विज्ञान अकादमींच्या परिषदेने हॅरॉल्ड शापिरो यांच्या अध्यक्षतेखाली मंडळाच्या कामाची झाडाझडती घेतली. त्यानुसार २०११ मध्ये चुकांची तक्रार आली तर ती कुणी, कशी तपासायची याची लेखी पद्धत ठरली. नॉरिचच्या केंद्राने त्याच वर्षी पाच हजारांहून अधिक ठिकाणांच्या मूळ नोंदी खुल्या केल्या. पोलंडने नकार दिल्यामुळे तिथली एकोणीस ठिकाणं तेवढी राहिली.

२२ नोव्हेंबर २०११ रोजी, दरबानच्या परिषदेच्या तोंडावर, त्या अज्ञात चोराने राखून ठेवलेले आणखी पाच हजारांवर ई-मेल बाहेर काढले. युक्ती तीच आणि वेळही तशीच साधलेली. या वेळी मात्र फारसं काही झालं नाही. विद्यापीठाने गप्प न बसता लगेच खुलासा केला, चौकश्यांचे निष्कर्ष हाताशी होते आणि पत्रकारांना हा डाव आता ओळखीचा झाला होता. नॉरिच ज्या परगण्यात आहे त्या नॉरफोकच्या पोलिसांनी जुलै २०१२ मध्ये तपास थांबवला. हल्ला बाहेरून आणि सराईतपणे झाला होता, एवढंच त्यांना सांगता आलं. चोर सापडला नाही.

डाव ओळखीचा असला की तो चालत नाही, याची पुढे प्रयोगानेही खातरजमा झाली. १९९८ मध्ये अमेरिकेत एक निवेदन फिरवलं गेलं. तापमानवाढीचा पुरावा नाही, असं म्हणणाऱ्या या निवेदनावर पुढे ३१ हजारांवर 'शास्त्रज्ञांच्या' सह्या असल्याचं सांगितलं गेलं. सोबतचं पत्र साइट्झ यांचं होतं आणि जोडलेला लेख राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकासारखा दिसेल असा छापलेला होता. अकादमीला आपला त्याच्याशी संबंध नसल्याचा जाहीर खुलासा करावा लागला. सह्यांमध्ये 'डॉक्टर' म्हणून एका प्रसिद्ध पॉप गायिकेचं नावही सापडलं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सांडर व्हान डर लिंडन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन हजारांवर अमेरिकी लोकांवर हे निवेदन वापरून पाहिलं. ९७ टक्के हवामानशास्त्रज्ञांचं एकमत आहे, हे सांगितल्यावर लोकांचा त्या एकमताबद्दलचा अंदाज सुमारे वीस टक्के गुणांनी वर गेला. लगेच निवेदन दाखवलं तर सगळी वाढ पुसली गेली. खऱ्या माहितीचा परिणाम शून्य. पण निवेदन दाखवण्याआधी त्यातली बनवाबनवी फोड करून सांगितली, तर वीसपैकी तेरा गुण टिकले. निव्वळ 'काही लोक दिशाभूल करतात' असं मोघम बजावलं तर साडेसहा. राजकीय मत कुठलंही असो, परिणाम सारखाच दिसला.

मोघम इशारा आणि फोड करून सांगणं यांतला हा दुपटीचा फरक महत्त्वाचा आहे. '२०३५ खोटं होतं' एवढं सांगून भागत नाही. ते साल एका मुलाखतीतून बातमीत, बातमीतून अहवालात आणि तिथून आयपीसीसीत कसं आलं, खरे जाणकार त्या वेळी काय म्हणत होते आणि आता मोजण्या काय सांगतात, हे सगळं एकत्र सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या मनातली हकिगत पुरी होते.

त्या मोजण्या अशा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी हिमालयाची छायाचित्रं घेतली होती. ती खुली झाल्यावर कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांवरून दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातल्या साडेसहाशे हिमनद्यांची उंची काढली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला: १९७५ ते २००० च्या तुलनेत २००० नंतर बर्फ उतरण्याचा वेग दुप्पट झाला आहे. त्याच वर्षी काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राने हिंदुकुश-हिमालयाचा सविस्तर अहवाल काढला. या वेळी एकच साल आणि एकच भाकीत नव्हतं. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथल्या हिमनद्यांचा सुमारे एक तृतीयांश बर्फ जाईल, आणि उत्सर्जन आहे तसंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश.